माटोळीतून आलेला हिरवा किडा चिरडू नका
चतुर्थी जवळ आली की फोंड्याकडच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पुढचे पाय जोडून बसलेला हिरवा प्रार्थनाकीटक, आणि खाली मजकूर: हा माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या मांडवीच्या) सामानातून घरात शिरतो, विषारी आहे, माणसावर डोळे रोखून डूख धरतो, मादी दर वेळी नराला खाते, दिसताक्षणी चिरडा.

सामानातून येतो, एवढं खरं. गेल्या वर्षी आमच्याकडे आंबाड्यांच्या घोसाला लटकून आला होता.

विषाचं म्हणाल तर त्याला नांगी नाही आणि विषही नाही. मुठीत दाबलात तर चिमटा काढेल, कधी चावेलही. ते जोडलेले हात म्हणजे खरं तर मिटलेला अडकित्ता. दोन्ही पात्यांवर काट्यांच्या रांगा असतात आणि पापणी लवायच्या आत माशी त्यांत सापडते. पण ती माशीसाठी, तुमच्यासाठी नाही.

डोळ्यांतला काळा ठिपका मात्र खरंच कुठूनही आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. मीही घोसाभोवती फिरून पाहिलं, ठिपका सोबत फिरला. पण ती बाहुली नव्हे. त्याचा डोळा असंख्य बारीक भिंगांचा असतो. आपल्या दिशेची भिंगं आत गेलेला प्रकाश परत पाठवत नाहीत, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. यात डूख कसला?

नराची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त पसरते. भुकेली मादी नराला खाते. १९८४ साली लिस्के आणि डेव्हिस या संशोधकांनी चिनी जातीच्या माद्यांना आधी पोटभर खाऊ घातलं आणि ३० मीलनं पाहिली. त्यांत एकही नर खाल्ला गेला नाही. नर गेलाच, तर त्याचं पोषण अंड्यांत उतरतं, हे २०१६ मधल्या अभ्यासात दिसलं. त्याला क्रूरपणा म्हणणं मला पटत नाही.

उलट 'तो बागेतली सगळी कीड संपवतो' हेही पसरवू नका. तो मधमाशी आणि फुलपाखरूही तितक्याच आवडीने खातो. कर्नाटकात तर एकाने गच्चीवरच्या टाक्यातले गप्पी मासे पकडून खाल्लेले नोंदले आहेत.

माटोळी बांधण्याआधी घोस अंगणात हलकेच झटका. किडा दिसला तर पुठ्ठ्यावर चढवून जास्वंदीवर सोडा. काडीला वाळलेल्या फेसासारखी तपकिरी गाठ चिकटली असेल तर ती त्याची अंडी. ती काडी मोडून चुलीत घालू नका, कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) एखाद्या झाडाला बांधून ठेवा.