वजीर फुकट गेला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बुद्धिबळपटू रेटी (पांढरा) आणि टार्टाकोव्हर (काळा) यांच्या डावातलं, पांढऱ्याने मुद्दाम वजीर देऊन, म्हणजे त्याग करून, जिंकायचं कोडं मी दिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. हत्ती ई-१ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) आणला की गेलेला घोडा परत मिळतो, तरी मी मुलांना वजीर उधळायला, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला शिकवतो, हा एक. आणि 'हे कोडं आहे' असं आधीच सांगितलं की त्याग कोणीही शोधेल, खऱ्या डावात कोण कानात सांगायला येणार, हा दुसरा.

पहिल्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. चूक माझी आहे. मी नुसतं 'पांढरा जिंकतो' असं लिहिलं, 'तीन खेळ्यांत मात' असं लिहायला हवं होतं. हत्ती ई-१ ही चांगलीच खेळी आहे. काळ्याच्या घोड्याच्या मागे त्याचाच वजीर उभा आहे, त्यामुळे घोडा हलला तर वजीर जातो. घोडा परत मिळतो, हे तुम्ही बरोबर पाहिलंत.

पण 'उधळला' हा शब्द मला पटत नाही. पट मांडा. १९१० सालचा व्हिएन्नामधला हा डाव, दोघेही विशीतले. कारो-कान नावाच्या सुरुवातीच्या आठ खेळ्या झाल्यात. पांढऱ्याचा राजा कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) करून सी-१ वर, हत्ती डी-१ वर, त्याच्यापुढे उंट डी-२ वर आणि वजीर डी-३ वर. दुसरा हत्ती, दुसरा उंट आणि जी-१ चा घोडा मूळ घरांत. काळ्याचा वजीर ई-५ वर, आणि टार्टाकोव्हर यांनी नुकताच ई-४ वरचा घोडा आपल्या घोड्याने मारलाय. दोघांचीही डी आणि ई प्यादी गेलीत, काळ्याचं सी प्यादं सी-६ वर आहे. बाकी काळ्याचं सगळं घरात, राजासकट.

आता रेटी वजीर डी-८ वर ठेवतात. शह! राजाला तो मारावाच लागतो, दुसरी एकही कायदेशीर खेळी नाही. मग उंट डी-२ वरून जी-५ वर जातो. उंटाचा शह आणि मागून मोकळ्या झालेल्या हत्तीचाही शह. गंमत इथे आहे. तो उंट काळ्याच्या वजिराच्या तोंडात आहे, घोड्याच्याही तोंडात आहे, आणि दोघांनाही तो मारता येत नाही. उंट मारला तरी हत्तीचा शह उरतोच. दुहेरी शहात राजालाच हलावं लागतं. तो ई-८ ला गेला तर हत्ती डी-८, मात. टार्टाकोव्हर सी-७ ला गेले, उंट डी-८, मात. अकराव्या खेळीला डाव संपला.

उंट ए-५ वर नेला तरी दुहेरी शहच होतो ना, असं माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं. होतो. पण मग राजा ई-८ ला जातो, हत्ती डी-८ वर शह देतो आणि राजा ई-७ वरून निसटतो. जी-५ चा उंट डी-८ ला जोर देतो आणि ई-७ ही अडवतो. एका घराच्या या हिशेबावर सगळा त्याग उभा आहे. बुद्धिबळपटू श्पिलमान यांनी त्यागाचे खरा आणि दिखाऊ असे दोन प्रकार केले होते. शेवटपर्यंत मोजता येतो तो दुसरा. हा त्यातलाच, आणि मुलांना मी आधी तोच शिकवतो. 'बघू काय होतं' म्हणून वजीर द्यायला मी कधीच सांगितलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. खऱ्या डावात कानात कोणी सांगत नाही, पण पट सांगतो. राजा मधोमध अडकलाय, सी-८ आणि एफ-८ चे उंट त्याच्या वाटा अडवून बसलेत, डी पट्टी उघडी आहे आणि त्या पट्टीवर आपला हत्ती आहे. एवढं दिसलं की मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावतो: माझा वजीर इथे नसता तर हत्तीला काय दिसलं असतं? त्या प्रश्नावर थांबायची सवय कोड्यांतून लागते. म्हणून मी कोडी देतो.

आणि भान सुटू नये म्हणून लगेच दुसरी मांडणी देतो: सगळं तसंच, फक्त काळ्याचा उंट एफ-८ ऐवजी ई-७ वर. परवा एका मुलीने उत्साहात वजीर उचलला, डी-८ पर्यंत नेला आणि हवेतच धरून ठेवला. ई-७ कडे बघत राहिली. 'उंट मारेल,' म्हणाली, आणि वजीर परत डी-३ वर ठेवला.

मूळ कोड्याखालची ओळ आज रात्री बदलतो. ई-७ ची मांडणीही तिथेच जोडतो.