तंबोरा जुळेपर्यंत गाऊ नये

निर्दोष गाणे हवे असेल, तर ग्वाल्हेरकराने एक पथ्य कटाक्षाने पाळावे : तंबोरा अचूक जुळल्याखेरीज तोंड उघडू नये. घराण्याच्या गावात राहून एवढे तरी आपल्याला साधलेच पाहिजे. खुंट्या पिळून झाल्या की मणी सरकवावेत, मणी सरकवून झाले की तारा टेकतात त्या घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर पुढे घ्यावा, आणि तेवढ्यात हवा पालटून तारा हलल्या, तर प्रसन्न चित्ताने पुन्हा खुंट्यांपासून आरंभ करावा. पाहुण्यांना दरम्यान पोहे द्यावेत.

पूर्णत्व हा माणसाच्या मनाचा खेळ आहे, असे कोणी म्हटले तर त्याला खर्ज (खालचा षड्ज, सा) आणि पंचम (प) एकत्र ऐकवावेत. दोन्हींच्या कंपनांचे प्रमाण ३:२ झाले की स्वरांचा डोल थांबतो, आणि हे प्रमाण कोणत्याही सभेने ठराव करून मंजूर केलेले नाही. (आपल्या बाजूचा पुरावा हा एवढाच, जपून वापरावा.) त्यापुढे मात्र त्याला जाऊ देऊ नये. कारण पंचमाचा पंचम, त्याचा पुन्हा पंचम, असे बारा वेळा चढत गेल्यावर सात सप्तके ओलांडून षड्जावर उतरावे, तर आपण ५३१४४१ : ५२४२८८ या हिशेबाने, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके वर जाऊन पडतो. यात कारागिराला बोल लावता येत नाही. पंचम तिनाच्या हिशेबाने चढतो, सप्तक दोनाच्या, आणि तिनाचा कोणताही घात दोनाच्या घाताएवढा होतच नाही. पियानोवाल्यांनी बाराही पंचम किंचित खोटे करून वर्तुळ मिटवले. असली तडजोड आपल्याला शोभत नाही. आपण वर्तुळ उघडे ठेवून खुंटी पिळत बसावे.

जवारीचा विषय शक्यतो टाळावा. घोडीच्या उतारावर तार घासते म्हणूनच तो भरलेला झंकार निघतो, हे कळल्यास पाहुणे दोषालाच गुण म्हणू लागतील.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी बैठक होती. पाऊण तास मी जोडीच्या तारांवर कान लावून होतो. तेवढ्यात काकूंनी आत पुऱ्या तळता तळता एक अभंग धरला, तंबोऱ्याविना, आणि एकेक करून सगळी मंडळी स्वयंपाकघराच्या दाराशी सरकली. मी अर्थातच उठलो नाही; पंचम अजून किंचित चढा होता.