आधी गोष्ट, मग माल

काल माळा आवरताना आप्पांची काचेची स्लाइड सापडली. कोल्हापुरात महाद्वार रोडला त्यांचं चपलांचं दुकान होतं आणि टॉकीजमध्ये मध्यंतराला ही स्लाइड दाखवायचे. तळहाताएवढी काच, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. ससा झाडाखाली घोरतोय आणि कासव चारही पायांत कोल्हापुरी घालून पुढं निघालंय. पेंटरनं चपलेवरचा लाल गोंडासुद्धा सोडलेला नाही. दुकानाचं नाव मात्र खाली, बारीक अक्षरात.

मग रात्री जुन्या जाहिरातींची कार्टून बघत बसलो. १९३६ साली अमेरिकेत जॅम हँडी कंपनीनं शेवरोले या मोटार कंपनीसाठी 'अ कोच फॉर सिंड्रेला' काढलं, तेही टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत. बुटके आणि रानातले जीव मिळून सिंड्रेलासाठी रथ बांधत राहतात. मोटार येते ती शेवटी. फ्रान्समध्ये अलेक्सांद्र अलेक्सेएफनं १९३५ साली निकोला या वाइनविक्रेत्यांसाठी झोपलेल्या राजकन्येची गोष्ट बाहुल्यांतून सांगितली. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, परत केसभर हलवायची. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं लागतात, म्हणजे हिशेब करा!

त्या वेळचा प्रेक्षक खुर्चीत अडकलेला असायचा. जाहिरात पुढं ढकलायचं बटण त्याच्या हातात नव्हतं. नुसतं नाव ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तरीही त्यांनी आधी पोटभर गोष्ट दिली. आज पहिल्या दोन सेकंदांतच नाव कपाळावर आदळतं.

आजीच्या गोष्टी बाजारात विकल्या, असं काहीजण म्हणतील. मला तसं वाटत नाही. पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्यानंही राजपुत्रांना शहाणं करायलाच प्राणी बोलते केले. इसापनीतीत शेवटी तात्पर्य येतं, इथं त्या जागी माल येतो. खटकतं ते एवढंच, की कासवाची चिकाटी चपलेच्या जोडाला चिकटवली की पोरं चिकाटी विसरतात आणि चप्पल लक्षात ठेवतात. आप्पांच्या स्लाइडबद्दलही मी हेच म्हणेन.

पण हात बघा त्या कामातला! मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर स्वतः सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, ते याच गावात. इथं ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरांना ही जुनी कार्टून एकेक चित्र थांबवून दाखवायला हवीत. आणि कुणाच्या माळ्यावर अशा स्लाइडी असतील तर भंगारात घालू नका. मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेतो.