पुरुषांना कापताना घ्यायची काळजी

कोलाज करायचं ठरवलंय म्हणता? छान. बाईमाणसाला शोभणारी कला आहे. जुनी मासिकं, कात्री, डिंक. आवाज नाही, आणि पाहुणे आले की सगळं पलंगाखाली सारता येतं. फक्त कापायला बायकाच घ्या. त्या सोप्या जातात. जाहिरातवाल्यांनी ओठ, पाय, कंबर आधीच सुटं करून ठेवलेलं असतं. तुम्ही नुसतं चिकटवायचं.

पुरुषाच्या वाटेला जाऊ नका. तो अखंड छापलेला असतो. टाय, घड्याळ, मागे मोटार आणि नजर लांब कुठेतरी. तिकडे काय आहे हे फोटोग्राफरलाही ठाऊक नसतं. त्याच्या हातात दुधाची बाटली चिकटवलीत की तुमचं काही खरं नाही. तीच बाटली घेतलेली बाई हजारदा छापली तेव्हा ते मातृत्व होतं, आता मात्र लोक हळूच विचारणार, "वडिलांशी पटत नव्हतं का हो?" (विवस्त्र बायका रंगवण्यात हयात घालवलेल्या चित्रकारांना आईविषयी कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. पण तो विषय वेगळा. तो नेहमीच वेगळा असतो.)

बर्लिनच्या हाना ह्योख या कोलाज करणाऱ्या बाईला हे वेळेत कुणी सांगितलं नाही. १९१६ पासून दहा वर्षं ती एका मोठ्या प्रकाशनगृहात भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढत होती. सरळ नोकरी होती. पण १९१९ साली राष्ट्राध्यक्ष एबर्ट आणि संरक्षणमंत्री नोस्के यांचा पोहण्याच्या चड्डीतला फोटो छापून आला, आणि बाईने दोघांना कापून भरतकामाच्या नमुन्यावर नेऊन उभं केलं. फुलं, फुलपाखरं आणि ढेरीसकट देशाचे कर्तेधर्ते! पुढच्याच वर्षी तिने एक 'वडील' केले: डोकं पुरुषाचं, अंग बाईचं, पायांत उंच टाचा, कडेवर मूल.

आता दादा मंडळींचं ऐका. म्हणजे दादा नावाच्या कलापंथाची, आपले दादा नव्हेत; फरक फार नाही. जुनं सगळं मोडायला निघालेले हे वीर १९२० मध्ये बर्लिनला मोठं प्रदर्शन भरवत होते. त्यांतल्या ग्रोस आणि हार्टफील्ड यांना प्रदर्शनात ही बाई नको होती. त्यांच्यातल्याच हाउसमानने 'मग माझीही चित्रं काढून घेतो' अशी धमकी दिली, तेव्हा कुठे तिला भिंत मिळाली. क्रांतीलाही शिफारसपत्र लागतं. तुम्हीही एखादा हाउसमान गाठून ठेवा.

तिथे तिचं सर्वांत गाजलेलं, माणसाच्या छातीला लागेल एवढं कोलाज लागलं. त्याच्या लांबलचक नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. पुढे त्याच कंपूतल्या हान्स रिष्टरने आठवणी लिहिल्या, तेव्हा त्याला हानाबाईंचं काय आठवलं? सँडविच, बिअर आणि कॉफी. पैशांची तंगी असूनही बाई हे सगळं कुठून तरी जमवायच्या, याचं त्याला कौतुक. सुरी त्यासाठीच आणली असणार, नाही का?

तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी सँडविच नीट करा. कडा कापून, त्रिकोणी. तेवढं कापलेलं चालतं.