चार्जरसमोरची खुर्ची

रिमोटचं विमान उडवायची हौस मला चाळिशीनंतर लागली. या वयात लोकांना चष्मा लागतो, मला हे लागलं. विमानाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण दोन महिन्यांत ते हवेत एकूण अकरा मिनिटं होतं आणि त्यातली दोन पडण्यात गेली. बाकीचा सगळा वेळ मी चार्जर निवडतोय.

म्हणजे चार्जर होता हो, विमानाच्या खोक्यातच आलेला. साबणाच्या वडीएवढा, वर एक दिवा. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं. बॅटरी थ्री एस लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची, आत तीन सेल एकापुढे एक जोडलेले. तिला तोंडं दोन, एक जाड वायरींचं आणि एक चिमुकलं पांढरं, चार बारीक वायरींचं. आमचा चार्जर त्या पांढऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही आणि मला वाटायचं ते कंपनीने शोभेला दिलंय.

एका रविवारी दिवा हिरवा झाला. त्याच आठवड्यात मी मल्टिमीटर घेतला होता आणि घरातलं मोजण्यासारखं सगळं मोजून झालं होतं, टीव्हीच्या रिमोटचे सेल, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, बंद पडलेल्या टॉर्चचे सेल, म्हणून मग श्वास रोखून (दोन टोकं एकमेकांना चिकटली असती तर हा लेख वेगळा झाला असता) त्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये टोकं घातली. पहिला सेल ४.३१ व्होल्ट. दुसरा ४.२०. तिसरा ४.०९. लिपोचा सेल ४.२० ला भरला, त्याच्या वर नाही म्हणजे नाही, वर गेला की आत गॅस धरतो, पाकीट फुगतं आणि फारच मनावर घेतलं तर पेट घेतं. आणि बेरीज करा, बरोब्बर १२.६०! चार्जरला दिसत होती ती फक्त बेरीज, त्यामुळे तो बिचारा हिरवा दिवा लावून मोकळा. आत एक ठासून भरलाय, एक अर्धपोटी आहे, याचं त्याला काय.

तर बॅलन्स चार्जर हवा, जो त्या चार वायरींतून प्रत्येक सेलचं वेगळं बघतो आणि जो पुढे पळतोय त्याची जादाची वीज थोडी थोडी जाळून मागच्यांना गाठू देतो. ही अक्कल आली आणि त्याच दिवशी झोप गेली.

बायको म्हणाली, "अहो, फोनला कधी असलं काही लागलं नाही." मी खूश झालो, दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला होता. म्हटलं, फोनमध्ये सहसा सेलच एक असतो, आणि किती भरायचं कधी थांबायचं ते सर्किट फोनच्या पोटात असतं, आपण भिंतीत खुपसतो तो नुसता अ‍ॅडॉप्टर. लॅपटॉपचे सेल जास्त, पण त्याच्या पॅकमध्येही राखणदार सर्किट बसवलेलं असतं. माझ्या बॅटरीत डोकं नाही, नुसतं पोट आहे, सगळं डोकं चार्जरमध्ये लागतं. ती म्हणाली "आणि चार्जर निवडणाऱ्यात?" आणि आत गेली.

मग मी स्पेसिफिकेशन वाचायला लागलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ८० वॅट, ६ अँपिअर, सहा सेलपर्यंत. वाचणाऱ्याला वाटतं तिन्ही एकदम मिळणार. सहा सेलची बॅटरी भरत आली की २५.२ व्होल्ट, ८० ला त्याने भागा, ३ अँपिअरच्या जरा वर येतं, ते ६ फक्त छोट्या बॅटरीपुरतं. शिवाय सोबतचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॅट, मग ८० येणार कुठून! मला खरं तर यातलं काहीच नको होतं, माझी बॅटरी २२०० एमएएच क्षमतेची, १ सी ने, म्हणजे तासाभरात भरेल अशा बेताने, २.२ अँपिअरवर आरामात भरायची, त्याला तीसेक वॅट पुरे. तरी तीन रात्री मी सहा सेलवाल्यांची तुलना करत बसलो, घरात सहा सेलचं काहीही नसताना.

मला हवं होतं ते खोक्याच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. प्रत्येक सेलचा व्होल्टेज स्क्रीनवर दिसतो का. ठरलेल्या वेळेनंतर किंवा ठरलेल्या एमएएचनंतर आपणहून थांबतो का. उलटं जोडलं तर ओरडतो का. मी टू एस म्हणालो आणि बॅटरी थ्री एस निघाली तर नाही म्हणतो का. ज्याच्यावर यातलं काही लिहिलेलंच नाही आणि 'स्मार्ट' मात्र चार वेळा लिहिलंय, तो मी सरळ बाद केला, हा नियम मी माणसांनाही लावतो.

शेवटी घेतला एक. मेनू उघडला तर बॅटरीच्या प्रत्येक जातीला वेगळा मोड, लिपो, लाय-आयन, लाय-फे, लिपो हाय व्होल्टेज, वर निकेलवाले वेगळे. हाय व्होल्टेजवाला सेल ४.३५ पर्यंत जातो, म्हणजे साध्या लिपोला चुकून तो मोड लावला की एवढा शहाणा चार्जर तीनही सेल ४.३५ ला नेणार, एकदम बॅलन्स करून! निकेलवाला मोड तर थांबण्यासाठी व्होल्टेज थोडा खाली यायची वाट बघतो, ते लिथियममध्ये होत नाही, तो बघतच बसेल. म्हणून आता मी मोड वाचतो, मोठ्याने वाचतो, मग मुलीला वाचायला लावतो. ती म्हणते, "बाबा, लिपोच आहे, कालपण लिपोच होतं."

पहिल्या चार्जला स्क्रीनवर तीनही ४.२०. मल्टिमीटर म्हणाला ४.२२. आता चूक कोणाची? दुसरा मल्टिमीटर आणला, तो म्हणाला ४.१९. तिसरा आणायला परवानगी मिळाली नाही.

चार्जिंगची जागा म्हणजे फरशी, पडद्यापासून लांब, बॅटरी आगरोधक पिशवीत, शेजारी वाळूची बादली आणि समोर खुर्ची. लिपो चार्ज होताना सोडून जायचं नाही हे सगळेच सांगतात, म्हणून खुर्चीत मी. परवा संध्याकाळी तासाभरात बॅटरी भरली, मी विमान काखेत मारून दार उघडलं आणि पाऊस.

भरलेली लिपो तशीच दिवसेंदिवस ठेवली की खराब होते, ठेवायची तर सेलला ३.८ च्या आसपास आणून. त्याला स्टोरेज मोड म्हणतात, तो माझ्या चार्जरमध्ये आहे, मी मुद्दाम बघून घेतला होता. जे नव्हतं बघितलं ते असं की हा भरतो तीसेक वॅटने आणि रिकामी करतो ५ वॅटने. मी एवढ्या प्रेमाने भरलेली वीज आता तो पंख्याने स्वतःला वारा घालत जाळणार होता, आणि हिशोब केला तर तीन तास.

बायको झोपायला जाताना डोकावली. "भरली नाही का अजून?"

"भरली. आता रिकामी करतोय."

ती काही बोलली नाही. आतून एक उशी आणून खुर्चीवर टाकली आणि जाताना दिवा मालवून गेली, स्क्रीनवर ४.१३ दिसत होतं.