‘खेळातून उत्तर दे’ हा सल्ला मला पटत नाही

प्रेक्षकांनी हुर्यो उडवली की आपल्याकडे खेळाडूला एकच सल्ला मिळतो. तोंड उघडू नकोस, खेळातून उत्तर दे. गोव्यात हा सल्ला देताना हटकून गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीचं उदाहरण दिलं जातं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

20 डिसेंबर 2015, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. 87व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल झाला, आपण 2-1 पुढे. स्टँडमध्ये कुणी खाली बसायला तयार नव्हतं. मग 90व्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरकडून, कट्टीमनीकडून, स्वयंगोल झाला आणि पाठोपाठ मेंडोझाने तिसरा मारला. संपलं. माझ्या पुढच्या ओळीतल्या एका काकांनी पोराच्या आईचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. काकांचा नातू तेव्हा त्यांच्या मांडीवर होता.

20 मार्च 2022. तेच फातोर्डा, पुन्हा फायनल, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. 1-1 वर सामना पेनल्टीत गेला. हैदराबादच्या गोलात कट्टीमनी. पठ्ठ्याने तीन पेनल्ट्या अडवल्या आणि चषक हैदराबादला गेला. त्या रात्री माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसवर ‘आमचो गोंयकार’ झळकत होता.

गोष्ट सुंदरच आहे. पण त्या तीन पेनल्ट्या आत गेल्या असत्या तर? मग 2015 ची शिवी योग्य ठरली असती का?

‘खेळातून उत्तर दे’ म्हणणारे नेमकं हेच मान्य करून बसतात. म्हणजे जिंकलास तर तुझी अब्रू तुला परत, हरलास तर लोक बोलले ते खरंच होतं. हार्दिक पंड्याचं काय झालं आठवा. 2024 च्या आयपीएलमध्ये मुंबईचा कर्णधार म्हणून आला, तर खुद्द वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी त्याची इतकी हुर्यो उडवली की टॉसच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरला माइकवरून ‘नीट वागा’ म्हणावं लागलं. जूनमध्ये टी-20 विश्वचषकाच्या फायनलचं शेवटचं षटक त्याने टाकलं, भारत जिंकला, आणि जुलैत त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ सुरू झालं. कुणी म्हणालं, लोकांची तोंडं बंद केली. मला तर वाटतं लोकांनी फक्त पार्टी बदलली. गोव्यात ते कसं होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता दुसरी बाजू. खेळाडू व्यावसायिक आहे, त्याला पैसे मिळतात, तिकीट आपण काढतो. खेळावरून ओरडायचा हक्क मला मान्य आहे. ‘कितें रे, न्हिदला?’ (काय रे, झोपलास?), ‘घरा वच!’ हे ऐकून ज्याला राग येतो त्याने गोलकीपर होऊच नये. पेडण्याकडचे दशावतारी बघा. प्रेक्षकांतून कुणी फाटकं बोललं तर संकासुराचं विनोदी सोंग घेतलेला मुरलेला नट ते उचलतो आणि त्यालाच असा टोला हाणतो की सगळा मांडव हसतो. खेळाडूलाही असं जमलं तर बहार, पण संकासुराला बोलण्याची मुभा असते. गोलकीपर नव्वद मिनिटं गोलामागच्या लोकांकडे पाठ करून उभा असतो, आणि सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकालाही एकेक शब्द ऐकू येतो.

आई, बहीण, रंग, जात, ‘घाटी’ यावर कुणी आलं की मात्र तो खेळाचा भाग राहत नाही. तिथे गप्प बसू नये आणि हातही उचलू नये. पाकिस्तानचा फलंदाज इंझमाम 1997 साली टोरांटोत ‘आलू’ ऐकून बॅट घेऊन प्रेक्षकांत घुसला, त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू कँटोनाने 1995 मध्ये प्रेक्षकाला लाथ घातली आणि कित्येक महिने घरी बसला. दोघांनाही डिवचलं होतं हे खरं, पण लक्षात राहिली ती बॅट आणि लाथ.

माझ्या मते बरोबर वागला तो भारताचा वेगवान गोलंदाज मोहम्मद सिराज. जानेवारी 2021, सिडनी. पोराची दुसरीच कसोटी, वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सीमारेषेवर वर्णावरून शेरे ऐकू आल्यावर त्याने कर्णधाराला आणि पंचांना सांगितलं, खेळ थांबला, पोलिसांनी सहा जणांना स्टँडमधून उठवलं. कर्णधार होता आपला अजिंक्य रहाणे. मैदान सोडायचा पर्याय होता, पण तो म्हणाला, आम्ही खेळायला आलोय. पुढे चौकशीत बाहेर काढलेले सहा जण दोषी नव्हते असं निघालं, मात्र शेरेबाजी झाली होती हे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केलं. पुढच्याच कसोटीत ब्रिस्बेनला सिराजने एका डावात पाच बळी घेतले. ते पाच बळी त्याने दाद मागितली त्यानंतरचे आहेत. सिडनीत नाव ना गाव असलेला नवखा गोलंदाज होता तो, तरीही तक्रार तितकीच खरी होती.

काहीजण इथे भारताचा तेव्हाचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीला पुढे करतात. 2018 मध्ये मुंबईत जवळपास रिकाम्या स्टेडियमसमोर खेळल्यावर त्यानेच व्हिडिओत सांगितलं होतं ना, शिव्या द्या पण मैदानात या? हो, सांगितलं होतं. अडीच हजार माणसं बघून काळजी वाटलेल्या कर्णधाराची ती विनवणी होती. तिचा परवाना करून खिशात घेऊन फिरू नका.

मोठ्या मैदानावर निदान कॅमेरे असतात, सुरक्षारक्षक असतात. आपल्या गावच्या स्पर्धांत, कापणी झालेल्या शेतात दोरी बांधून खेळतात तिथे, परगावचा किंवा आफ्रिकेतून आलेला खेळाडू कुणाकडे जाणार? रेफ्री एकटा, कमिटीवाले व्हीआयपींच्या खुर्च्या लावण्यात गुंतलेले. रांती मार्टिन्स आणि ओडाफा हे नायजेरियन स्ट्रायकर गोव्याच्या क्लबांसाठी गोल करत होते तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतलं. गावच्या मैदानावर तशाच रंगाच्या पोराला काय काय ऐकावं लागतं, ते तिथे जाणाऱ्यांना विचारा.

म्हणून आमच्या स्पर्धेच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं: खेळाडूने तक्रार केली की रेफ्रीने खेळ थांबवावा, माइकवाल्याने एकदा ताकीद द्यावी, आणि ऐकलं नाही तर कमिटीने त्या माणसाला दोरीबाहेर काढावं, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. लगेच एकाचा मेसेज आला, ‘मग मॅचला मजा कसली रे?’

बाबा, ऑफसाइडवरून घसा बसेपर्यंत ओरड. रेफ्रीला चष्मा घ्यायला सांग. स्ट्रायकरला घरी पाठव, कोचला सोबत पाठव. एवढं सगळं शिल्लक ठेवलंय तुझ्यासाठी.