मंगळावर राहायला जाणाऱ्यांनी आधी हवेचं बोला

मंगळावर शहर वसवण्याची बातमी आली की खाली कुणीतरी हमखास लिहितं, "चला, दुसरी पृथ्वी तयार होतेय!" रॉकेट किती मोठं, तिकीट कितीला, यावर तावातावाने चर्चा. हवेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. स्पेससूट न घालता बाहेर पडलात तर इतक्या कमी दाबाला जिभेवरची लाळ उकळेल.

यावर ठरलेला तोडगा म्हणजे ध्रुवांवरचा बर्फ वितळवा, त्यात गोठलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होईल, तो उष्णता धरून ठेवेल आणि ग्रह आपोआप तापेल. २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. हाती लागण्यासारखा सगळा वायू सोडला तरी दाब जेमतेम तिप्पट होतो. मंगळाची जुनी हवा बरीचशी अवकाशात उडून गेलीय, ती आणणार कुठून?

ऑक्सिजन? नासाने मंगळावर उतरवलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या 'मॉक्सी' यंत्राने तो मंगळाच्याच हवेतून काढून दाखवला. मानलं त्यांना! पण सगळे प्रयोग मिळून निघाला १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमच्या आसपास लागतो. यंत्र मोठं करता येईल, मान्य. पण ते एका वस्तीपुरतं, अख्ख्या ग्रहाचं काय?

आणि वस्तीपुरतं तरी जमतंय का? १९९१ मध्ये अ‍ॅरिझोनात 'बायोस्फिअर २' या सीलबंद काचघरात आठ जण दोन वर्षांसाठी गेले. आत शेती, जंगल, छोटा समुद्रसुद्धा. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १४ वर आला. माणसं थकायला लागली. चोर कोण, तर पिकं चांगली यावीत म्हणून भरलेली कसदार माती! तिच्यातले जीवाणू ऑक्सिजन खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला येण्याऐवजी भिंतींचं काँक्रीट शोषत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. १९९४ ची दुसरी खेप तर सहा महिन्यांतच गुंडाळली.

मंगळावर माणूस जाऊ दे, दगड फोडू दे, माझी काही हरकत नाही. पण दुसऱ्या पृथ्वीची स्वप्नं विकणाऱ्यांनी आधी असलं एक काचघर इथेच दहा वर्षं चालवून दाखवावं. बाहेरून नळी न लावता.